उशाची बाजू

आमच्या घरी पाय लागणे ही साधी गोष्ट नसे. पोथीला, पाटीला, दौतीला, कुणाच्या वहीच्या कोपऱ्याला नुसता अंगठा लागला तरी हातातले काम टाकून वाकायचे, त्या वस्तूला हात लावून तो कपाळाला न्यायचा आणि मगच पुढे जायचे. नेवाशाला देवळाच्या मागच्या अंगास आम्हाला राहण्यासाठी दोन खोल्या दिलेल्या होत्या. पुढच्या खोलीत अप्पा, म्हणजे माझे वडील, विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवीत. मागच्या खोलीत चूल, देव, पाण्याची भांडी आणि आम्ही तिघे. एवढ्याशा जागेत पाय कुठे ना कुठे लागणारच, म्हणून आमच्या दिवसाचा बराचसा भाग वाकण्यात जाई. आईला अक्षरओळख नव्हती; देव्हाऱ्यावर रेखलेली ‘श्री’ तेवढी ती ओळखे. तरीही, किंबहुना म्हणूनच, या बाबतीत ती अप्पांहून कडक होती. वाण्याच्या पुडीचा कागद, बिडीच्या बंडलाचे वेष्टन, वाऱ्याबरोबर अंगणात आलेला जाहिरातीचा तुकडा, जे छापील दिसेल ते ती उचलून कोनाड्यात ठेवी. “कुणाच्या पायाखाली यायचं,” एवढेच म्हणे. आपल्याला जे वाचता येत नाही त्याचा इतका मान राखणारे माणूस मी पुढे दुसरे पाहिले नाही.

दुष्काळाचे दुसरे वर्ष चालू होते. मृगही कोरडा गेला होता. प्रवरेच्या पात्रात बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरीत, आणि पहाटे अप्पांच्या स्तोत्रपाठाबरोबर त्या वाट्या घागरीच्या काठाला लागल्याचा आवाज कानी येई. पुढे ऊन चढले की रस्त्याच्या कामावरून खडी फोडल्याचा आवाज सुरू होई तो थेट दिवस कलेपर्यंत. अप्पांचे विद्यार्थी एकेक करून आपापल्या गावी परतले होते. जेवणात सरकारी दुकानातल्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी; तिच्या कडा थापतानाच चिरत. बरोबर हुलग्याचे माडगे किंवा चिंचेचे पाणीदार सार. आई पहिली भाकरी अप्पांच्या पानात वाढी आणि स्वतः शेवटी काय खाई हे आम्हाला कधी दिसले नाही. मी मॅट्रिक झाले होते. अंगात एक भिरभिर शिरली होती. एका जागी बसवत नसे, पाठ म्हणताना नजर दाराकडे जाई, पाणी आणायला गेले की झिऱ्यापाशी बसून नगरच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांचा धुरळा पाहत राही. जिल्ह्याचे नाव आता बदलले आहे. मी मात्र अजून ‘नगरला’ असेच म्हणते, कारण त्या वेळी माझ्या मनात जे पेटलेले होते त्याचे नाव तेच होते.

नगरच्या कॉलेजात संस्कृत घेऊन शिकायचे, हे अप्पांनी स्वतःच ठरवले होते. मुलीला बाहेर पाठवायचे म्हणजे राहण्याची सोय हवी. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या खटपटीने मुलींच्या वसतिगृहात एक जागा मिळाली आणि व्यवस्थापक बाईंचे कार्ड आले. अमुक सोमवारी दुपारपर्यंत स्वतःच्या अंथरुणासह हजर व्हावे, न आल्यास जागा पुढच्या मुलीला देण्यात येईल, असे त्यात होते. बारा दिवस हातात होते. अडचण दिसायला क्षुल्लक होती. आम्ही तिघे आणि घरात गोधड्या तीन. त्यांतली माझी इतकी विरली होती की ती उचलताना फाटे. नवी शिवायची तर जुनी लुगडी, जुनी धोतरे हवीत, आणि दुष्काळात कुणाचेच कापड जुने होत नाही. ते फाटेपर्यंत अंगावरच असते. आईची दोन नेसती लुगडी होती आणि एक जीर्ण. ते जीर्ण लुगडे खालच्या अस्तराला पुरणार होते. वरचा थर आणि मधले पोट कशाचे करायचे, हा प्रश्न दोन-तीन दिवस आमच्या घरात फिरत होता.

तो सोडवला गयाबाईंनी. गयाबाई वेशीबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहत. गावातल्या निम्म्या घरांच्या गोधड्या त्यांच्या हातच्या. पण त्या वर्षी कोण शिवून घेणार, म्हणून त्या खडी फोडायला जात. एका संध्याकाळी कामावरून परतताना त्या डोक्यावर गाठोडे घेऊन आमच्या ओसरीपाशी थांबल्या.

“वैनी, ह्ये बगा. मिशनवाल्यांनी कापडाचे गठ्ठे सोडले कामावर. परदेशातनं आल्यात म्हनं. मला अकरा आली.” त्यांनी गाठ सोडली. आतून टी-शर्ट निघाले. त्या वेळी आम्हाला तो शब्दही ठाऊक नव्हता. मऊ, विटलेले, काही पांढरे, काही निळे, काही करड्या रंगाचे. “आमच्या मालकाला म्हनलं घाला, तर म्हनत्यात, ह्यो काय झंपर हाय व्हय? बटन न्हाई, खिसा न्हाई, मी बिडी कुटं ठिवू?”

आई पदराआड हसली. “आणि अंगावरचे कुणाच्या, गयाबाई?”

“आता ते काय म्हाईत? सायबाच्या पोरांचे असतील. पोरीला अंथरून पायजे म्हनं ना तुमच्या? ह्यातनं झ्याक गोधडी हुती. म्या दावते, तुमी शिवा.”

“तुम्हाला काय द्यायचं?”

“काई न्हाई. पोरगी शिकाया चालली. माजं दोन टाकं त्यात असू द्या.”

गयाबाई पायरीवर बसल्या होत्या आणि आईने त्यांना वरून ओंजळीत पाणी घातले. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटले नाही. हे वाक्य लिहिण्यापूर्वी मी बराच वेळ थांबले होते. ते वगळता आले असते, पण मग हे प्रकरण लिहिण्याचा मला अधिकार उरला नसता.

अप्पांपुढे गोष्ट गेली. परक्याने वापरलेले वस्त्र, तेही शिवलेले. “आपत्काल आहे,” ते म्हणाले, “रिठ्याच्या पाण्यात उकळून घ्या, चालेल.” मग त्यांनी वरचा शर्ट उचलून उलगडला आणि त्यांचा हात थांबला. छातीवर जाड, रबरासारख्या तांबड्या रंगात काहीतरी वळणदार छापलेले होते. “कुसुम, ही अक्षरे आहेत.”

“इंग्रजी आहेत, अप्पा.”

“इंग्रजी असली म्हणून ती अक्षरे नाहीत का? यावर पाय ठेवून निजणार तू?”

आई शर्टांच्या ढिगाकडे पाहत होती. सोमवार हातचा जातो की काय हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. अखेर अप्पांनीच वाट काढली. गोधडीला उशाची आणि पायथ्याची अशा दोन बाजू ठरवायच्या. अक्षरांचे तुकडे झाडून सारे उशाला; कमरेखाली एकही अक्षर येता कामा नये, वर नाही आणि आतही नाही. दुसऱ्या दिवशी हे गयाबाईंना सांगितले तेव्हा त्या हसतील असे मला वाटले होते. त्या हसल्या नाहीत. “बरुबर हाय गुर्जींचं,” त्या म्हणाल्या. “आमाला ती कुटं सुखासुखी मिळाली? ठिवा उशाला.”

घरात इंग्रजी मला एकटीला येत असे, म्हणून निवड माझ्याकडे आली. “मला तर ती वेलबुट्टीच दिसते बाई,” आई म्हणाली, “तू सांगशील तशी लावीन.” आम्ही शर्टांच्या बाह्या, गळे काढले, कुशी उसवल्या, आणि प्रत्येकाच्या पुढचा नि मागचा असे दोन तुकडे केले. ओसरीवर लुगडे अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. आईला वाटले, नेहमीसारखा ताण देऊन टाका घालावा. पहिल्याच दिवशी ते कापड असे आखडले की गोधडीला मध्येच पोट सुटले. गयाबाईंनी ते पाहून कपाळाला हात लावला. “वैनी, हे विणीचं कापड हाय, रबरावानी. वढलं की वढतंय आन् सोडलं की रुसतंय. त्याला वढू नका, नुसतं निजवा. आन् तुमी, ताई, गुडघा हालवू नका, समदी गोधडी हालती.” माझा गुडघा खरोखर हालत असे. त्या दिवसांत तो थांबतच नसे.

ते बारीक टाके आजही माझ्या बोटांना आठवतात. कडेने सुरुवात करायची, चौकोनात फिरत आत यायचे, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून बोटभर अंतरावर. माझी नात पुण्याला असते. तिने गेल्या वर्षी आपल्या कॉलेजच्या जुन्या टी-शर्टांची गोधडी दुकानातून करवून घेतली आणि मोबाईलवर मला दाखवली. यंत्राची शिलाई, कडा सरळ, काम देखणे. “आजी, कशी आहे?” तिने विचारले. माझी नजर आधी पायथ्याकडे गेली. तिथे मोठ्या पांढऱ्या अक्षरांत कॉलेजचे नाव होते. मी “सुरेख आहे” म्हणाले आणि दिवसभर अस्वस्थ राहिले. तिला हे सांगावे की न सांगावे याचा निर्णय अजून झालेला नाही.

गुरुवारी दुपारी आतल्या थराचा पायथ्याकडचा मधला भाग भरायचा राहिला होता, साधारण तीन तुकड्यांएवढा. कोरे तुकडे संपले होते. उरले होते ते तीन, तिन्हींवर तांबडी अक्षरे. उशाच्या बाजूस आता जागा नव्हती. गयाबाईंचे काम लांबच्या नाल्यावर लागले होते आणि त्या शनिवारपर्यंत येणार नव्हत्या. आईने हातातली सुई ठेवली आणि दोरीवर वाळत असलेल्या आपल्या लुगड्याकडे पाहिले. “ह्याचा पदर फाडू का? असाही विरलाय.” विरलेला नव्हता. तो फाडला असता तर तिला एका लुगड्यावर दिवस काढावे लागले असते. मी मनाशी म्हटले, आईचे लुगडे वाचवण्यासाठी करते आहे. ते पूर्ण खरे नव्हते. मला घाई झाली होती. गोधडी मिटावी, वळकटी बांधावी आणि एकदाचे निघावे, एवढेच मला दिसत होते.

मी तिन्ही तुकडे उलटे करून तिच्यापुढे सारले. “हे लाव, आई.”

तिने एक उचलला. कापडाआडून तांबडे वळण दिसत होते. “ह्यावर काय गं?”

“नक्षी आहे.”

तिने माझ्याकडे वर पाहिलेसुद्धा नाही. तुकडा जागेवर निजवला, तळव्याने सारखा केला आणि टाका घातला. सुई त्या जाड रंगात अडली. तिने ती दातांनी ओढून काढली. “नक्षी भारी चिवट आहे,” ती म्हणाली.

शुक्रवारी गोधडी पुरी झाली. शेवटची फेरी मध्याशी येते तेव्हा ओंजळभर तोंड उघडे ठेवतात आणि त्यातून भाकरीचा एक घास आत सारून मग ते शिवतात. गोधडी उपाशी राहू नये, अशी आमच्याकडची रीत. आईने मिलोच्या भाकरीचा तुकडा आत घातला. अप्पा पूजा आटोपून आले, त्यांनी गोधडीवर अक्षता टाकल्या आणि विचारले, “सगळी अक्षरे उशाला आली ना?”

आईने विश्वासाने माझ्याकडे पाहिले. मी “हो” म्हणाले.

त्यानंतरचे दोन दिवस मला घरात थारा नव्हता. पाण्याला गेले की रिकामी घागर घेऊन परते. गोधडी दोरीवर टाकलेली होती. वारा आला की तिचा पायथ्याचा भाग हाले आणि मी दचके. आईशी बोलताना तिच्या हातांकडे पाही, तोंडाकडे पाहवत नसे. ती मात्र आनंदात होती, शेजारच्या बाईला ओसरीवर बोलावून सांगत होती, “पोरीनं सगळी अक्षरं वेचून वेचून वर काढून दिली, मला काय कळतंय त्यातलं.” रविवारी दुपारी अप्पांनी मला निघण्यापूर्वीचा शेवटचा पाठ म्हणण्यास बसवले. लहानपणापासून मुखोद्गत असलेल्या शब्दरूपांत मी तीनदा अडखळले.

“काय झालं आहे?” त्यांनी विचारले.

मी सांगितले. सारे सांगितले, लुगड्याचे कारण आधी सांगितले, मग ते अपुरे वाटले म्हणून घाईचेही सांगितले. मागच्या खोलीत आई पीठ मळत होती. परातीचा आवाज बंद पडला, हे मला बोलताबोलता जाणवले, पण तोपर्यंत थांबता येण्याजोगे उरले नव्हते.

अप्पा रागावले नाहीत. “उकलून पुन्हा शिवायला किती दिवस?”

“दोन तरी.”

“आणि उद्या दुपारी पोहोचायचं आहे.” ते बराच वेळ पोथीच्या फळीवर बोट फिरवीत राहिले. “जा तू. दिवाळीला येशील तेव्हा उकलू. तोवर त्या अंथरुणावर पाय पसरायचे नाहीत. दुमडून निजायचं. जमेल?”

“जमेल.”

“आईला काय सांगितलं होतंस?”

“नक्षी आहे म्हणून.”

त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिले. “अक्षरांच्या दोषाचं प्रायश्चित्त मी सांगितलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्या दुसऱ्याचं मला सांगता येणार नाही. ते माझ्याकडे नाही.”

मी उठून मागच्या खोलीत जायला हवे होते. अंतर चार पावलांचे होते. मी तिथेच बसून राहिले, आणि थोड्या वेळाने परातीचा आवाज पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनेच वळकटी बांधली, दोरीला दोन गाठी मारल्या, फडक्यात भाकरी आणि चिंचेची चटणी दिली. “पाणी उकळून पी,” म्हणाली. एसटी सुटली तेव्हा ती अप्पांच्या मागे उभी होती. मी खिडकीतून हात हालवला, तिनेही हालवला. काही राहून गेले आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

वसतिगृहात मी चार महिने पाय पोटाशी घेऊन निजले. शेजारच्या खाटेवरची मुलगी म्हणे, थंडी नसताना ही अशी का आखडते. मी पाठ दुखते म्हणून सांगे. रोज निजताना कापडाच्या त्या तीन तुकड्यांपासून पाय आवरायचे; पण जाग येई ती अक्षरांच्या आठवणीने नव्हे, परातीचा आवाज बंद पडल्याच्या आठवणीने. घरी कार्ड लिहिताना ‘सौ. आईस साष्टांग नमस्कार’ एवढे लिहून लेखणी थांबे. ते कार्ड अप्पाच वाचून दाखवणार. तिला एकटीला कळेल असे मला काही लिहिताच येत नव्हते.

दिवाळीपर्यंत पाऊस बरा झाला होता आणि प्रवरेला पाणी आले होते. मी पोहोचले त्याच्या दुसऱ्या सकाळी अप्पांनी गोधडी ओसरीवर पसरायला लावली आणि स्वतः खाली बसून पायथ्याचे टाके उसवले. तीन तुकडे बाहेर आले. त्यांनी कात्रीने अक्षरांभोवतीचे कापड काळजीपूर्वक कापले, तबकात ठेवले, आणि मला म्हणाले, “वाच.” कुठल्या तरी दूरच्या शाळेचे नाव होते, एका चेंडूच्या खेळाचे नाव होते, आणि तिसऱ्यावर कुणा मुलाचे नुसते नाव. मी वाचत गेले आणि अप्पा माझ्यामागून एकेक उच्चार जसाच्या तसा म्हणत गेले, नवी संथा घ्यावी तसे. मग ते तबक घेऊन नदीवर गेले. जीर्ण झालेल्या पोथ्यांची पाने ते ज्या डोहात सोडत तिथेच त्यांनी ते तुकडे सोडले, हे मला नंतर कळले. मी त्यांच्याबरोबर गेले नव्हते.

मी आईपाशी थांबले होते. पायथ्याशी भोक पडले होते ते भरायला तिने अप्पांचे एक जुने धोतर काढून ठेवले होते. मी त्याचे तीन तुकडे फाडले. चार महिने जे वाक्य मी मनात घोळवत होते ते म्हणायला तोंड उघडले, “आई, त्या दिवशी मी,” आणि पुढे शब्द आला नाही.

“दे,” ती म्हणाली.

मी पहिला तुकडा तिच्या हातात दिला. शुभ्र, धुतलेला, काठ नसलेला; कित्येक वर्षे तिने ते धोतर स्वतःच्या हाताने धुतले होते.

“ह्यावर काय आहे?” तिने विचारले. आवाजात राग नव्हता. भाजी निवडताना काही विचारावे तसे विचारले.

“कोरा आहे, आई.”

तिने तो तुकडा उजेडाकडे धरला, मग उलटा करून दुसरी बाजूही पाहिली. दोन्ही बाजूंवरून एकदा बोटे फिरवली. मग सुईत दोरा ओवला आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.